बॅटरी घालायची घाई करू नकोस

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस की लेकीच्या वाढदिवसाला इंजिनाचं किट आलंय, ते आरपार दिसणारं, चार सिलेंडरचं. पण खोका अजून कपाटावरच आहे, कारण तिचे बाबा दौऱ्यावरून आले की बघतील. ते मला काही पटलेलं नाही, म्हणून आज सवडीने लिहायला बसलेय. खोका खाली काढ. बाबांची वाट बघू नकोस. ते आले की तयार इंजिन बघतील, आणि लेक त्यांना ते समजावून सांगेल. आमच्या घरी दोन्ही मुलांबरोबर हे काम झालंय, तेव्हा काय करावं आणि काय टाळावं ते मला चांगलं ठाऊक आहे.

आधी तुझी भीती घालवते. त्या खोक्यात शंभरेक सुटे भाग, मूठभर स्क्रू, बारीक स्प्रिंगा, एक छोटी मोटर आणि बॅटरीचा डबा आहे. पेट्रोल नाही, जाळ नाही. हाताला लागलंच तर एखादं प्लॅस्टिकचं टोक लागेल. धाकटा अजून सगळं तोंडात घालतो ना? तेवढं मात्र सांभाळ. स्प्रिंगा, स्क्रू, बॅटरी यातलं काहीही त्याच्या हाती लागता कामा नये. तो झोपला की दार लोटून बसा.

आणि पहिल्याच दिवशी लेकीला एक गोष्ट खरी सांगून टाक. हे इंजिन पेट्रोलवर चालणार नाही, बॅटरीवर चालणार आहे. तू लपवलंस तर शेवटी तिच्या लक्षात येईलच आणि ती म्हणेल, "म्हणजे हे खोटं इंजिन!" आणि तिचं बरोबरच असेल. तेव्हा आधीच सांग की खऱ्या इंजिनात सिलेंडरमध्ये पेट्रोल पेटतं, ते पिस्टनला खाली ढकलतं आणि पिस्टन क्रँक फिरवतो. इथे मोटर क्रँक फिरवते आणि क्रँक पिस्टनला वर-खाली करतो. जोर उलट बाजूने येतो, पण कुठला पिस्टन कधी वर, कुठला व्हॉल्व्ह कधी उघडा, ठिणगी कुठे पडायची, हे सगळं खऱ्यासारखंच. शिवाय तू स्कूटीचं सेल्फचं बटण दाबतेस तेव्हा काय होतं, ते विचार तिला. तिथेही क्षणभर बॅटरीवरची मोटरच इंजिन फिरवते. पेट्रोलने पेट घेतला की मोटर बाजूला होते. मॉडेलमध्ये ती बाजूला होत नाही, एवढाच फरक. मुलांना हे फार चटकन कळतं. आपल्याला वाटतं त्याहून चटकन.

आजोळच्या विहिरीवरचं इंजिन आठवतं का तुला? मामा हँडल लावून फिरवायचा. एका हाताने वरचा छोटा दांडा उचलून धरायचा, फ्लायव्हीलने, म्हणजे त्या जड चाकाने, वेग घेतला की तो दांडा सोडायचा आणि मग धडधड सुरू व्हायची. तो दांडा व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतो. हवा आत दाबली जात नाही, म्हणून माणसाच्या हाताने एवढं जड चाक फिरू शकतं. चाकात पुरेसा जोर साठला की व्हॉल्व्ह बंद करायचा, आतली हवा दाबली जाते, तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागतच नाही. हे लेकीला सांग. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही पुण्याजवळ खडकीला 1946 साली निघालेली कंपनी, आणि तिची इंजिनं आपल्याकडच्या शेतांवर पिढ्यान्‌पिढ्या चालली. मुलांना वाटतं इंजिन म्हणजे गाडी. आपल्याकडे इंजिन आधी विहिरीवर होतं, उसाच्या गुऱ्हाळात होतं, पिठाच्या गिरणीत होतं.

आता बैठकीची तयारी. जमिनीवर बसू नका, टेबलावर बसा. मोठी परात घे, तिच्यात पांढरं फडकं अंथर आणि काम तिथेच करा. स्क्रू पडला तर परातीतच पडेल आणि पांढऱ्यावर दिसेल. स्क्रू लांबीप्रमाणे वेगळे करून वाट्यांत ठेव. ही वेळ वाया गेली असं वाटू देऊ नकोस. आखूड भोकात लांब स्क्रू गेला तर त्याचं टोक आत निघतं आणि फिरणाऱ्या भागाला अडतं. मग बाहेरून काही दिसत नाही आणि इंजिन मात्र अडून बसतं.

सुटे भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले असतात. मुलांना ते सगळे एका दमात तोडून काढायचे असतात, तेवढं करू देऊ नकोस. भागांचे नंबर चौकटीवर छापलेले असतात, भागांवर नसतात. भाग सुटला की त्याचा नंबर गेला. ज्या पायरीला जो भाग, तेवढाच कापायचा. पिळून तोडायचा नाही. नेलकटरने कापायचा आणि राहिलेलं बारीक टोक नखं घासायच्या कानशीने घासून टाकायचं. पिस्टनवर असं टोक राहिलं तर तो सिलेंडरमध्ये खरखरत जातो, आणि मॉडेल चालत नाही यामागे पुष्कळ वेळा एवढंसंच कारण असतं.

स्क्रू कसा लावायचा ते मात्र तिला हात धरून शिकव, कारण हे तिला जन्मभर उपयोगी पडेल. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू स्वतःच आटे पाडत जातो. काढून पुन्हा लावताना आधी स्क्रू भोकात ठेवून उलटा फिरवायचा, हलकेच. एका जागी तो किंचित खाली बसतो, बोटाला ‘टक्’ असं जाणवतं. तिथून सुलटा फिरवायचा, म्हणजे तो जुन्याच आट्यांत जातो. तसं न करता दाबून फिरवला तर नवे आटे पडतात, जुने जातात आणि भोक सैल होतं. आणि स्क्रू टेकला की थांबायचं. आणखी एक आटा नाही. मुलं मोठ्यांचं बघून दात-ओठ खाऊन घट्ट करतात. क्रँकवरच्या पट्ट्या जास्त आवळल्या की क्रँक फिरतच नाही.

स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात राहू दे. तू सूचना वाच, ब्लॉक धरून ठेव, टॉर्च धर, सांडलेलं गोळा कर. तिला एक स्क्रू बसवायला पाच मिनिटं लागली तरी "दे इकडे" म्हणू नकोस. घरात कोणी पुरुष माणूस येऊन "अगं, असं नाही, आण मी दाखवतो" म्हणाला, तर त्याला प्रेमाने चहा दे आणि बाहेर बसव. विशेषतः मुलीच्या बाबतीत मी हे कळकळीने सांगतेय. मुलींच्या हातून अवजार काढून घ्यायची आपल्याला फार सवय आहे, आणि ती सवय कोणाच्या लक्षातही येत नाही.

हे बायकांचं काम नाही असं कोणी म्हणालंच, तर बर्था बेंझची गोष्ट सांग. नवऱ्याने, कार्ल बेंझने, 1886 साली मोटारगाडीचं पेटंट घेतलं, पण लोक ती विकत घ्यायला तयार नव्हते. ऑगस्ट 1888 मध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून आपल्या माहेरी फोर्झहाइमला निघाली, सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली, तिला पायमोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपलं तेव्हा वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून घेतलं. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्यांना कातडं ठोकून घेतलं. त्या मुलांना आईबरोबर इंजिन समजून घ्यायला मिळालं ते रस्त्यावर. तुमचं तर घरात, टेबलावर, पंख्याखाली आहे.

आता मुख्य गोष्ट. मी तुला एवढं लांबलचक लिहितेय ते खरं तर याच्यासाठी.

प्रत्येक टप्पा झाला की इंजिन हाताने फिरवून बघायचं. बॅटरी शेवटी. सूचनापत्रकात हे एखाद-दुसऱ्या ठिकाणीच लिहिलेलं असतं, तू मात्र दर टप्प्याला कर. नुसता क्रँक बसवला, फिरवा. पिस्टन जोडले, फिरवा. वरचं हेड बसवलं, फिरवा. कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा दांडा, आणि व्हॉल्व्ह हलवणारे छोटे हात बसवले, फिरवा. प्रत्येक वेळी पूर्ण दोन फेरे, सावकाश, बोटाच्या टोकाने. कुठे जड लागलं तर दोष आत्ताच्याच पायरीत आहे, कारण मागच्या पायरीपर्यंत ते हलकं फिरत होतं. शोधायची जागा लहान होते. सगळं जोडून झाल्यावर बॅटरी घातली आणि नुसतं गुणगुणून थांबलं, तर शंभर भागांत दोष कुठे शोधणार? तिथेच मुलं रडकुंडीला येतात, आणि खोका कपाटावर जातो तो कायमचा.

आणि दुसरं असं, की मोटर लागली की सगळं इतकं भराभर हलतं की दिसत काहीच नाही. बघायला गंमत वाटते, पण कळत नाही. कळतं ते हाताने फिरवताना. पिस्टन जोडून झाल्यावर तिला फ्लायव्हील हळू फिरवू दे आणि तू गप्प बस. थोड्या वेळाने ती स्वतःच म्हणेल, "पहिला वर येतो तेव्हा चौथापण येतो!" आमची लेक हे म्हणाली तेव्हा तिने पुन्हा पुन्हा मागे-पुढे फिरवून खात्री केली. पहिला आणि चौथा जोडीने, दुसरा आणि तिसरा जोडीने. चार सिलेंडरच्या साध्या इंजिनात असंच असतं. मग तिला विचार, दोघं एकदम वर आले तर ठिणगी दोघांनाही एकदमच का पडत नाही? उत्तर सांगू नकोस. ते कॅमशाफ्टच्या पायरीला तिला स्वतःलाच सापडेल.

कॅमशाफ्टची पायरी ही खरी परीक्षा, इथे वेळ घ्या. इंजिनाचं एक चक्र चार टप्प्यांत होतं: पिस्टन खाली जाताना हवा आणि पेट्रोल आत ओढायचं, वर येताना ते दाबायचं, ठिणगीने पेटून पुन्हा खाली, आणि वर येताना धूर बाहेर. म्हणजे पिस्टन दोनदा खाली, दोनदा वर, क्रँकचे दोन फेरे. व्हॉल्व्ह मात्र या सगळ्यात एकेकदाच उघडायचे, म्हणून कॅमशाफ्टने एकच फेरा घ्यायचा. हे साधायचं कसं? लेकीला दोन्ही चक्रांचे दात मोजायला लाव. कॅमशाफ्टच्या चक्राला क्रँकच्या चक्राच्या बरोबर दुप्पट दात भरतील. तिच्या शाळेतलं गुणोत्तर आहे हे, फक्त इथे ते बोटाला लागतं. निकोलाउस ओटोने 1876 मध्ये चार टप्प्यांचं हे इंजिन चालवून दाखवलं, आणि आजही पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत तेच चाललेलं आहे.

दोन्ही चक्रांवर खूण असते. पहिला पिस्टन अगदी वर आणून खुणेला खूण जुळवायची, मगच पट्टा किंवा चक्र बसवायचं. एक दात जरी इकडचा तिकडे झाला, तरी व्हॉल्व्ह भलत्या वेळी उघडतात. तुमच्या मॉडेलचं फारसं काही बिघडणार नाही, ठिणगीच्या जागी लुकलुकणारे छोटे दिवे तेवढे चुकीच्या वेळी लागतील. पण गाडीच्या कितीतरी इंजिनांत पट्टा तुटला किंवा घसरला की उघडा व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकमेकांवर आपटतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि खर्च मोठा येतो. मेकॅनिक "टायमिंग" म्हणतो ते हेच. जुळलं की मग तिला त्या मघाच्या प्रश्नाचं उत्तर दिसेल: पहिला वर आला तेव्हा त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, तो पेटायच्या बेतात, चौथाही वर, पण तो धूर बाहेर टाकून आलेला. पेटायचा क्रम बहुतेक अशा इंजिनांत पहिला, तिसरा, चौथा, दुसरा. दिवे लागताना बघा, तोच क्रम येतो का.

व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बसवताना हात पारदर्शक प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत घालून काम करायला सांग. स्प्रिंग सुटली तरी पिशवीतच राहते. नाहीतर ती पलंगाखाली जाते आणि अख्खी दुपार तिच्या शोधात जाते.

तेलाचं एक सांगायचं राहिलं. घरात असेल ते तेल घालू नकोस. खोबरेल थंडीत थिजतं, आणि शिलाई मशीनचं तेल काही पारदर्शक प्लॅस्टिकला तडे पाडतं. किटमध्ये वंगण दिलं असेल तर तेच, काडीच्या टोकावर मावेल एवढं. नसेल तर सिलिकॉनचं ग्रीस, तेही इवलंसं. कोरडं फिरत असेल तर काहीच नको.

एका दिवसात संपवायचा हट्ट धरू नका. दहा वर्षांच्या मुलीला सलग दीड तास पुष्कळ झाला. पण उठताना टप्पा पूर्ण करूनच उठा, अर्धवट सोडून नको. नाहीतर दुसऱ्या दिवशी कुठला स्क्रू आवळला होता आणि कुठला नव्हता ते आठवत नाही. आणि काहीतरी अडलं, ती चिडली, तर लगेच सोडवून देऊ नकोस. "कुठे जड लागतंय, बोट लावून दाखव" एवढंच म्हण. मग एकेक स्क्रू पाव फेरा सैल करत जायचं आणि दर वेळी फिरवून बघायचं. ज्या स्क्रूला चाक मोकळं झालं तो दोषी. हे तिने स्वतः केलं की तिचा चेहरा बघ तू. इंजिन चालू होण्यापेक्षा मला तो क्षण मोलाचा वाटतो.

मग बॅटरी. नव्या, साध्या अल्कलाइन घाल. चार्ज करायच्या बॅटऱ्यांचा दाब जरा कमी, 1.2 व्होल्ट, साध्यांचा 1.5, मॉडेल जरा जड फिरत असेल तर त्या फरकाने अडतं. चालू झाल्यावर लेकीला एक कोडं घाल: मोटरच्या तारा उलट जोडल्या तर काय होईल? इंजिन उलटं फिरेल, आणि जो व्हॉल्व्ह धूर बाहेर सोडतो तो हवा आत घ्यायला लागेल. तिला करून बघू दे. आणि खेळून झालं की बॅटऱ्या काढून ठेवा, आत राहिल्या की पाझरतात आणि पत्त्या गंजतात.

नंतर एक हिशेबही करून घे तिच्याकडून. गाडी 3000 फेऱ्यांवर चालली असेल, म्हणजे मिनिटाला क्रँकचे 3000 फेरे, तर एका सिलेंडरमध्ये सेकंदाला पेट्रोल किती वेळा पेटतं? सेकंदाला 50 फेरे, दोन फेऱ्यांना एकदा, म्हणून 25 वेळा. आमच्या लेकाने हा हिशेब केला आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे उभा राहून काटाच बघत राहिला.

तिला जाळावर चालणारं काहीतरी हवं असेल, आणि मुलांना ते हवंच असतं, तर जत्रेत मिळते ती पत्र्याची फटफट करणारी बोट आण. मेणबत्तीच्या उष्णतेने आतल्या पाण्याची वाफ होते, ती पाणी मागे ढकलते, निवली की पुन्हा पाणी आत घेते. एकही हलणारा गिअर नाही, तरीही ते उष्णतेवर चालणारं अस्सल इंजिन आहे. टबात सोडायची, आणि मेणबत्ती तू पेटवायचीस. आणखी मोठी झाली की स्टर्लिंग इंजिनाचं किट घे. रॉबर्ट स्टर्लिंग या स्कॉटिश पाद्र्याने 1816 मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. काही मॉडेलं तर चहाच्या गरम कपावर ठेवली की चालतात. त्याच्या काचेच्या सिलेंडरमध्ये तेलाचा थेंबही घालायचा नाही, पिस्टन चिकटतो. बॉयलर असलेलं वाफेचं इंजिन मात्र इतक्यात नको. दाबाखालची वाफ हे लहान मुलांचं काम नाही, तिथे मी ठाम आहे. आणि किट घेणं परवडत नसेल अशी तुझी कोणी मैत्रीण असेल तर तिला अरविंद गुप्तांची खेळणी सांग. त्यांनी पुण्यात आयुका या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंतून पंप, मोटर असं कितीतरी करून दाखवलंय, आणि ते सगळं फुकट बघायला मिळतं.

इंजिन झालं की ते शोकेसमध्ये मिरवायला ठेवू नकोस. तिला पुन्हा खोलायचं असेल तर खोलू दे, फक्त स्क्रू जुन्याच आट्यांत बसवायची आठवण दे. आणि एखाद्या रविवारी तुमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये तिला घेऊन जा. हेड उतरवलेलं इंजिन असेल तर दाखवा, म्हणून मिस्त्रींना विचार. मनापासून विचारलंस तर ते नाही म्हणणार नाहीत. तेलात माखलेलं, काळं असेल, पण पिस्टन, व्हॉल्व्ह, टायमिंगचं चक्र तिला तिथल्या तिथे ओळखता येईल. प्रश्न तिचे तिलाच विचारू दे. तू फक्त शेजारी उभी राहा.